बंदराला मुलूख लागतो

12 मार्च 1878 रोजी ‘इंडस्ट्री’ या ब्रिटिश जहाजाचा कमांडर रिचर्ड डायर आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या एका उपसागरात उतरला आणि त्यानं राणीच्या नावानं जाहीरनामा काढून तो उपसागर ताब्यात घेतला. जाहीरनाम्यातली हद्द मुद्दाम वाचावी अशी आहे. दक्षिणेची रेषा पेलिकन पॉइंटच्या पंधरा मैल खाली किनाऱ्यावर सुरू होऊन शेपमान्सडोर्फ या मिशनऱ्यांच्या वस्तीपर्यंत जाते. पूर्वेची रेषा तिथून रूइबांकपर्यंत, ‘पठार धरून’, आणि पुढे स्वाकोप नदीच्या मुखापासून दहा मैल आत. उत्तरेला स्वाकोपचं शेवटचं दहा मैलांचं पात्र, आणि पश्चिमेला अटलांटिक महासागर. एवढा मुलूख म्हणजे साधारण 1,100 चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या दुप्पटही नाही. त्यातला बहुतेक भाग वाळू आणि खडीचं सपाट माळरान. हा उपसागर म्हणजे वॉल्विस बे, म्हणजेच देवमाशांचा उपसागर. आज तो नामिबियाचं मुख्य बंदर आहे. पण त्या जाहीरनाम्यापासून पुढची 116 वर्षं, नामिबिया आधी जर्मनांचा, मग दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातला आणि शेवटी स्वतंत्र झाला तरी, हा तुकडा पुरता त्याचा झाला नव्हता.

या उपसागराचा इतिहास सांगताना दोन गोष्टी ठरल्यासारख्या सांगितल्या जातात. एक, या किनाऱ्यावर जहाजाला सुरक्षित उभं राहता येईल असं खोल पाणी फार थोड्या ठिकाणी आहे, म्हणून सगळ्यांना ही जागा हवी होती. दोन, ज्याच्याकडे ही जागा त्याच्याकडे हा किनारा. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी मात्र पुराव्यावर टिकत नाही. पाच शतकांत ज्यांनी ज्यांनी हा उपसागर नुसता समुद्राकडून धरला, त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. तो ज्या ज्या वेळी पाठच्या मुलखाशी जोडला गेला, त्या त्या वेळीच त्याला बंदराचं मोल आलं. इथे समुद्रानं निवारा दिला, पण बंदर मुलखानं केलं. निवाराही शेवटी मुलखातूनच आलेला आहे, हे भूगोल पाहिला की दिसतं.

दक्षिणेकडून येणारा बेंग्वेला हा थंड पाण्याचा प्रवाह या किनाऱ्याला लागून वाहतो. वाऱ्यामुळे खोल समुद्रातलं गार, क्षारयुक्त पाणी वर येतं आणि त्यावर प्लवक, प्लवकावर मासे, माशांवर सील, पाणपक्षी आणि देवमासे अशी साखळी पोसली जाते. हेच गार पाणी वरची हवा थंड ठेवतं, ढग पावसापर्यंत पोचू देत नाही, आणि किनाऱ्यावर वर्षातले शंभराहून अधिक दिवस धुकं धरतं. पाऊस वर्षाकाठी 20 मिलिमीटरही नाही. मुंबईत जुलैतल्या एका जोरदार सरीत याहून जास्त पडतो. म्हणजे समुद्र श्रीमंत आणि जमीन कोरडी, आणि दोन्हींचं कारण एकच. समुद्राच्या श्रीमंतीलाही एक विचित्र बाजू आहे. मेलेल्या प्लवकाचा हिरवट गाळ तळाशी साठतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि मधूनमधून एकदम वर येतो. मग पाणी दुधी दिसतं, गावभर कुजक्या अंड्यांचा वास सुटतो, मासे मरून किनाऱ्याला लागतात आणि खडकातले शेवंडे श्वासासाठी चक्क चालत वाळूवर येतात. 1900 साली तर पेलिकन पॉइंटजवळ अशा गाळाचं एक बेट वर आलं आणि थोड्याच दिवसांत विरून गेलं.

पेलिकन पॉइंट म्हणजे उपसागराचा पश्चिमेकडचा बांध, दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलेली काही किलोमीटर लांबीची वाळूची जीभ. अटलांटिकच्या लाटा तिच्यावर आपटून थांबतात आणि आतलं पाणी शांत राहतं. उपसागराला आडोसा आहे तो तेवढाच. ही वाळू कुठून येते? नामिबच्या वाळवंटातल्या वाळूचा मागोवा भूवैज्ञानिकांनी घेतला आहे. सहाशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला ऑरेंज नदी समुद्राला मिळते. ती लेसोथोच्या डोंगरांतून निघते आणि दक्षिण आफ्रिकेचा मोठा प्रदेश धुऊन गाळ आणते. लाटा तो गाळ किनाऱ्यानं उत्तरेकडे ढकलतात, वारा त्यातली वाळू आत उडवून टेकड्या रचतो. देवमाशांच्या उपसागराचा बांध अशा रीतीनं हजारभर किलोमीटर आतल्या डोंगरांचा भुगा आहे. उपसागराला गोडं पाणी पुरवणारी कुइसेब नदीही आतलीच, राजधानी विंडहुकजवळच्या खोमास डोंगराळ भागातून येणारी. तिच्या दक्षिणेला उंच वाळूच्या टेकड्या आणि उत्तरेला खडीचं माळरान, अशी तिनं वाळवंटाची सरळ वाटणी केली आहे. टेकड्या उत्तरेकडे सरकू पाहतात, नदीला पूर आला की ती त्यांचं पुढे आलेलं टोक वाहून नेते. पण बहुतेक वर्षी तिचं पाणी समुद्रापर्यंत पोचतच नाही, वाटेत वाळूत जिरतं. 1934 सारखा पूर क्वचित. एरवी नदी जमिनीखाली असते, आणि मुखाजवळ थोडं खणलं की हाती लागते.

नुसता आडोसा पुरेसा नाही हे दाखवायला शेजारचाच दाखला आहे. वॉल्विस बेच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर सँडविच हार्बर आहे. तिथेही असाच वाळूचा बांध, असाच शांत जलाशय, आणि शिवाय किनाऱ्यालगत झिरपणारं गोडं पाणी, जे वॉल्विस बेला समुद्रकाठी कधी नव्हतं. एकोणिसाव्या शतकात तिथे मासे खारवणारे आणि देवमासे मारणारे येत. आज तिथे पक्षी आहेत आणि पर्यटक. वाळूनं तोंड बुजवलं हे त्याचं एक कारण. पण माझ्या मते दुसरं कारण अधिक मोठं आहे: त्याच्या पाठीला थेट वाळूच्या टेकड्या भिडलेल्या आहेत. तिथे उतरवलेला माल बैलगाडीतून आत नेता येत नाही. वॉल्विस बेच्या पाठीला मात्र कुइसेब आणि स्वाकोप यांच्यामधलं टणक माळरान आहे आणि त्यावरून आतल्या पठारावर वाट जाते. निसर्गानं दोन्ही ठिकाणी निवारा दिला. वाट एकाच ठिकाणी दिली.

ही वाट युरोपीय जहाजांच्या आधीपासून वापरात होती. कुइसेबच्या मुखाशी टोपनार लोक राहतात, स्वतःच्या भाषेत ते स्वतःला आओनिन म्हणवतात. नामा लोकांची ही किनाऱ्यावरची शाखा. त्यांचं जगणं ज्या नारा नावाच्या फळावर उभं होतं ते झाडच या भूगोलाचा सारांश आहे. नाराला पानं नसतात. हिरव्या काटेरी फांद्यांचं गुंतलेलं जाळं वाळूच्या ढिगाऱ्यावर पसरलेलं असतं आणि मुळं कित्येक मीटर खाली कुइसेबच्या लपलेल्या पाण्यापर्यंत गेलेली असतात. फळ लहान कलिंगडाएवढं, वरून काटेरी. ते फोडून गर मोठ्या भांड्यात शिजवतात. शिजला की बिया गरापासून सुटतात. बिया गाळून बाजूला वाळवतात. उरलेला पातळ गर उन्हात तापलेल्या वाळूवर पोळीसारखा ओततात, तो वाळला की चिवट लगदा होतो, साधारण आपल्या आंबापोळीच्या जातीचा. तो गुंडाळून ठेवला की महिनोन् महिने पुरतो. बिया व्यापाऱ्यांकडून केपटाउनला जात आणि तिथे बदामासारख्या खाल्ल्या जात. टोपनार हंगामात नाराच्या रानात, एरवी नदीकाठानं गुरांबरोबर आणि किनाऱ्यावर मासे-शिंपल्यांसाठी, असे या तिन्ही जागा एकाच संसाराच्या खोल्या असल्याप्रमाणे वापरत. किनारा आणि मुलूख वेगळे करता येतात ही कल्पना त्यांना बाहेरच्यांनी दिली.

बाहेरचे आले ते नुसता किनारा पाहून. 8 डिसेंबर 1487 ला बार्तोलोमेउ दियाशनं इथे नांगर टाकला आणि त्या दिवशीच्या सणावरून उपसागराला मेरीमातेचं नाव दिलं. तो भारताची वाट शोधत होता. दहा वर्षांनी वास्को द गामा त्याच्या पुढे निघाला, त्यापुढे दहा-पंधरा वर्षांत गोवा पोर्तुगीजांकडे गेला, आणि या वाटेवरच्या वॉल्विस बेला पोर्तुगीजांनी पुढे काहीही केलं नाही. पाणी नाही, लाकूड नाही, बाजार नाही, मग थांबायचं कशाला? 1793 मध्ये केपच्या डच वसाहतीतून ‘मेरमिन’ हे जहाज आलं. सोन्याच्या आणि गुराढोरांच्या अफवा आतून येत होत्या. जहाजावरचा पीटर पिनार स्वाकोपच्या पात्रानं आत गेला, भरपूर शिकार दिसली, सोनं दिसलं नाही. डचांनी उपसागरावर आपला हक्क लिहून ठेवला आणि परत गेले. केप जिंकल्यावर इंग्रजांनीही तेच केलं. हक्क सांगायला किनारा पुरतो, पण राहायला कारण लागतं, आणि ते आतल्या मुलखात असतं. त्या काळात इथे वर्षानुवर्षं येत राहिले ते अमेरिकन आणि ब्रिटिश देवमासे मारणारे. ते टोपनारांकडून मांस विकत घेत. म्हणजे त्यांचंही जेवण मुलखातून येत होतं.

पहिलं खरं बंदर इथे 1840 च्या दशकात उभं राहिलं आणि ते कोणा युरोपीय सत्तेनं उभारलेलं नाही. विंडहुकला बस्तान बसवलेला ओरलाम लोकांचा सरदार योंकर आफ्रिकानेर यानं विंडहुकपासून या उपसागरापर्यंत बैलगाड्यांची वाट बांधवून घेतली. तिला बाइवेख म्हणत. या वाटेनं गुरं, कातडी, हस्तिदंत खाली येऊ लागले आणि बंदुका, दारूगोळा, कापड वर जाऊ लागलं. 1845 मध्ये रूइबांकला ऱ्हेनिश मिशनऱ्यांनी ठाणं मांडलं. 1850 मध्ये फ्रान्सिस गॉल्टन, जो पुढे बोटांच्या ठशांच्या शास्त्रासाठी नावाजला आणि सुप्रजननाच्या विचारासाठी बदनाम झाला, तो याच उपसागरात उतरून आत गेला. 1850 च्या दशकात विंडहुकजवळच्या मॅचलेस खाणीतलं तांबं गाड्यांनी इथे येऊ लागलं. पाणी किनाऱ्यापासून काही मैलांवरून, तेही मचूळ. पुढे तर ते केपटाउनहून जहाजानं आणावं लागे. तरीही बंदर चाललं, कारण पाठीमागून माल येत होता.

मग 1870 च्या दशकात केप वसाहतीच्या सरकारला या किनाऱ्यात रस वाटू लागला. 1876 मध्ये त्यांचा प्रतिनिधी विल्यम पाल्ग्रेव्ह आत जाऊन हेरेरो सरदारांशी बोलणी करून आला. 1877 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा ब्रिटिश हाय कमिशनर म्हणून आला तो बार्टल फ्रिअर. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. 1862 ते 1867 तो मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि 1863 मध्ये बोरघाटातला रेल्वेमार्ग खुला होऊन मुंबई बंदर दख्खनच्या कापसाला जोडलं गेलं. घाटाची चढण रुळांनी ओलांडली की नुसत्या बेटाचं काय होतं हे त्यानं समोर पाहिलं होतं. त्यामुळे त्यानं ऑरेंज नदीपासून पोर्तुगीज अंगोलाच्या हद्दीपर्यंतचा सगळा किनारा घ्यावा असा आग्रह धरला यात मला नवल वाटत नाही. लंडनला खर्च नको होता. परवानगी मिळाली ती फक्त उपसागराची. जाहीरनाम्यातल्या त्या चार रेषा म्हणजे काटकसरीनं आखलेली हद्द. त्यातही डोळसपणा होताच: स्वाकोपचं पात्र आणि रूइबांकचं पठार, म्हणजे पाणी आणि चारा असलेल्या जागा, आत घेतल्या आहेत. पण बाइवेख जिथून येत होती तो मुलूख बाहेर ठेवला.

याचे परिणाम सहा वर्षांत दिसले. 1883 मध्ये ब्रेमेनचा तंबाखूचा व्यापारी आडोल्फ ल्युडरिट्झ यानं दक्षिणेचा आंग्रा पेकेना उपसागर मिळवला आणि 24 एप्रिल 1884 ला बिस्मार्कनं त्याला जर्मन संरक्षण दिलं. बघता बघता सगळा मुलूख जर्मनांचा झाला आणि त्याच्या ऐन मध्यावर ब्रिटिश बंदर राहिलं. त्याच वर्षी ते केप वसाहतीला जोडलं गेलं. आता सगळ्यात चांगलं बंदर इंग्रजांकडे आणि सगळी पाठ जर्मनांकडे. ‘बंदर ज्याचं त्याचा किनारा’ हे खरं असतं, तर जर्मनांनी गुडघे टेकायला हवे होते. त्यांनी 1892 मध्ये तीसेक किलोमीटर उत्तरेला, स्वाकोपच्या मुखाशी, जिथे कसलाही आडोसा नाही अशा ठिकाणी स्वाकोपमुंड वसवलं. माणसं आणि माल लाटांतून छोट्या होड्यांनी किनाऱ्याला आणायचे, आणि त्या वल्हवायला लायबेरियाच्या किनाऱ्यावरचे क्रू जमातीचे खलाशी आणायचे. 1903 मध्ये दगडी धक्का पुरा झाला, तर दोन-तीन वर्षांत त्याच वाहत्या वाळूनं तो भरून गेला. लाकडी जेटी बांधली, तिला समुद्री किडा लागला. 1912 मध्ये लोखंडी जेटीला हात घातला, महायुद्ध आलं आणि ती अर्धवटच राहिली. इंजिनिअरिंगच्या हिशेबानं हे सगळं वेडेपणाचं. पण 1902 मध्ये स्वाकोपमुंडहून निघालेली रेल्वे विंडहुकला पोचली, आणि हा गैरसोयीचा किनारा जिंकला. वॉल्विस बेलाही केप सरकारनं एक अरुंद रूळमार्ग घातला. तो जर्मन हद्दीपाशी जाऊन थांबला, पुढे घ्यायला कोणी नव्हतं, आणि वाळूनं तो गिळला. त्या मार्गाचं ‘होप’ नावाचं छोटं इंजिन आजही वॉल्विस बेच्या स्टेशनाबाहेर ठेवलेलं आहे. चांगलं बंदर मुलखाविना वाळलं आणि वाईट बंदर मुलखाच्या जोरावर चाललं, याहून स्पष्ट प्रयोग इतिहासात क्वचितच सापडेल.

या तुटलेपणाची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. 1904 ते 1908 मध्ये जर्मनांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. त्यात हजारोंनी माणसं वाळवंटात आणि छावण्यांत मेली. त्या वर्षांत ब्रिटिश हद्दीच्या रेषेला एरवी नसलेली किंमत आली. काही हेरेरोंनी तिच्या अलीकडे आसरा घेतला. हा मोठा युक्तिवाद नाही, कारण बहुसंख्य हेरेरो पूर्वेला ओमाहेके वाळवंटात ढकलले गेले होते. पण बंदर जर्मनांकडे असतं तर फौजा अधिक लवकर आणि अधिक संख्येनं उतरल्या असत्या, हे कोणी म्हटलं तर ते नाकारता येत नाही. माणसाच्या जिवाच्या हिशेबात त्या रेषेची थोडी जमा आहे. बंदराच्या हिशेबात नाही.

हद्दीवरून दोन साम्राज्यांचं भांडण झालं तेही पाण्यावरूनच. दक्षिणेची रेषा शेपमान्सडोर्फपर्यंत आणि पूर्वेची तिथून रूइबांकपर्यंत, असं जाहीरनामा म्हणतो. जर्मनांनी म्हटलं, ही दोन्ही एकाच जागेची नावं आहेत, मग पठार धरण्याचा प्रश्नच कुठे येतो? ब्रिटिशांनी म्हटलं, पठार म्हणजे कुइसेबच्या काठानं वर गेलेला पट्टा. प्रकरण स्पॅनिश कायदेपंडित होआकिन फेर्नांदेस प्रिदा यांच्याकडे लवादासाठी गेलं आणि 1911 मध्ये निकाल ब्रिटिशांच्या बाजूनं लागला. दोन महासत्ता पंचवीसेक वर्षं ज्या एका शब्दाच्या व्याप्तीवर भांडत होत्या, तिथे प्रत्यक्षात होती थोडी झाडं, चराऊ जमीन आणि खणलं की लागणारं पाणी. उपसागर कोणाचा याबद्दल वाद नव्हता. वाद त्याच्या घोटभर मुलखाबद्दल होता.

महायुद्धानं प्रयोग उलटा केला. 1914 च्या नाताळात दक्षिण आफ्रिकेचं सैन्य वॉल्विस बेला उतरलं, त्यानं लगोलग स्वाकोपमुंडपर्यंत रूळ टाकले, जर्मन रेल्वेला जोडले, आणि जुलै 1915 मध्ये जर्मनांनी शरणागती पत्करली. पाठ आणि पोट पहिल्यांदाच एका मालकाकडे आलं. राष्ट्रसंघानं हा मुलूख, तेव्हाची नैर्ऋत्य आफ्रिका, दक्षिण आफ्रिकेच्या हाती सोपवला, 1922 पासून वॉल्विस बेचा कारभारही त्याच प्रदेशाबरोबर चालू झाला, 1927 मध्ये गाळ उपसून खोल केलेलं बंदर खुलं झालं, आणि स्वाकोपमुंडचं बंदर संपलं. बंदर म्हणून वॉल्विस बेचा दुसरा जन्म तेव्हाचा.

इथे सगळ्यात जोरदार आक्षेप येतो आणि तो कायद्याचा आहे. दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं असं: वॉल्विस बे कधीच जर्मन नव्हतं, म्हणून ते राष्ट्रसंघानं सोपवलेल्या प्रदेशातही नव्हतं, ते ब्रिटिशांकडून केपकडे आणि केपकडून आमच्याकडे आलं. वसाहतींच्या काळच्या सीमा स्वातंत्र्यानंतर तशाच मानायच्या, असं आफ्रिकी ऐक्य संघटनेनंच 1964 मध्ये कैरोला ठरवलं, मग ही सीमा का मोडायची? हा युक्तिवाद कच्चा नाही. किंबहुना या किनाऱ्यालगतच्या बाराही ‘पेंग्विन बेटां’ना तो तसाच लागू होत होता. ग्वानोसाठी, म्हणजे पाणपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतासाठी, ब्रिटिशांनी 1860 च्या दशकात घेतलेले ते खडक, त्यातल्या दोहोंची नावं प्लमपुडिंग आणि रोस्ट बीफ, यावरून घेणाऱ्याला किती भूक लागली असेल ते कळतं. पण याच युक्तिवादाचा प्रतिवाद दक्षिण आफ्रिकेच्याच वागण्यात आहे. 55 वर्षं तिनं वॉल्विस बे नैर्ऋत्य आफ्रिकेचाच भाग समजून चालवलं. ती केवळ कारभाराची सोय होती, असं प्रिटोरियाचं म्हणणं. असेल. पण ती सोय का होती? कारण केपटाउनहून हजाराहून जास्त किलोमीटरवरचं बंदर तिथल्या मुलखापासून वेगळं चालवता येत नाही. सोयीचा कबुलीजबाब हाच इथे पुरावा आहे. नामिबियाचं स्वातंत्र्य टळत नाही असं दिसू लागल्यावर, 1 सप्टेंबर 1977 पासून, तिनं ते घाईनं पुन्हा केप प्रांतात घातलं. म्हणजे रेषा पुन्हा गडद केली ती बंदर चालवायला नव्हे, पुढच्या देशाच्या गळ्यावर हात ठेवायला.

आपल्याकडेही असाच एक खटला झाला होता. 1954 मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेल्यावर पोर्तुगालनं दमणहून तिथे जाण्याच्या हक्कासाठी भारताला हेगच्या न्यायालयात ओढलं. 1960 च्या निकालात न्यायालयानं माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता हक्क मान्य केला, फौजेपुरता नाही, आणि भारतानं काही मोडलं असंही म्हटलं नाही. कागदावर पोर्तुगालची मालकी शाबूत, पण वाट नाही. तुकड्यातुकड्यांच्या राज्याला कायदा कुठवर साथ देतो याचं हे माप.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 27 जुलै 1978 च्या 432 क्रमांकाच्या ठरावात नामिबियाची एकता वॉल्विस बे परत जोडूनच पुरी होईल असं म्हटलं. पण नामिबियाच्या स्वातंत्र्याचा जो आराखडा पाश्चात्त्य देशांनी पुढे आणला त्यात हा प्रश्न बाजूला ठेवला होता. 1989-90 मध्ये निवडणुका पार पाडायला आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख भारतीय लेफ्टनंट जनरल प्रेम चंद होते. वॉल्विस बे त्यांच्या कार्यकक्षेबाहेर होतं. 21 मार्च 1990 ला नामिबिया स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात वॉल्विस बे आणि बेटं देशाचा भाग म्हणून लिहिली गेली, प्रत्यक्ष ताबा शेजाऱ्याकडे असताना. 1992 मध्ये संयुक्त कारभार सुरू झाला आणि 1 मार्च 1994 ला हस्तांतर झालं. दुसरा आक्षेप इथे येतो: हे भूगोलानं केलं नाही, राजकारणानं केलं; दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांची सत्ता जात नसती तर बंदर मिळालं नसतं. ते खरं आहे. हस्तांतर सत्तांतरासाठी केम्प्टन पार्कला चाललेल्या वाटाघाटींतून आलं, प्रिटोरियाला वाळवंटाचा भूगोल एकाएकी उमजल्यामुळे नव्हे. पण राजकारणानं वेळ ठरवली, दिशा ठरवली नाही. पाठीशिवाय ते बंदर दक्षिण आफ्रिकेला लष्करी तळापलीकडे काय देत होतं, हा प्रश्न सत्तांतराच्या आधीही होताच.

तिसरा आक्षेप मात्र समुद्राकडून येतो. इथलं खरं धन मासे आहेत आणि माशांना मुलूख लागत नाही, असं कोणी म्हणेल. 1940 च्या दशकापासून वॉल्विस बेला सार्डिनचे डबे भरणारे कारखाने उभे राहिले आणि 1968 मध्ये सार्डिनची पकड चौदा लाख टनांच्या घरात गेली. पण डबे भरणारे हात कोणाचे? उत्तरेच्या ओवाम्बो प्रदेशातून करारावर आणलेल्या मजुरांचे, आणि डिसेंबर 1971 च्या देशव्यापी संपात वॉल्विस बेचे मजूर पुढे होते. कुइसेबमोंड ही काळ्या माणसांसाठी आखलेली वस्ती. नाराविल या ‘मिश्र’ वंशाच्या लोकांच्या वस्तीचं नावच नारा फळावरून पडलेलं. म्हणजे समुद्रातला माल डब्यात जायला मुलखातली माणसं लागतच होती. शिवाय त्या माशांचं पुढे काय झालं ते पाहा. किनाऱ्याला मान्य मालक नाही, समुद्रात कोणाचाही अंमल नाही, म्हणून परदेशी जहाजांचे तांडे आले, आणि 1970 च्या दशकात सार्डिनचा साठा कोसळला, तो पुन्हा कधी सावरला नाही. 1990 मध्ये नव्या देशानं 200 सागरी मैलांचं क्षेत्र आपलं म्हणून जाहीर केल्यावर हेक आणि हॉर्स मॅकरलच्या पकडीवर कोटा आला. तो कोटा नेहमीच स्वच्छपणे वाटला गेला असं नाही; 2019 मध्ये कोट्यातली लाचखोरी चव्हाट्यावर आली आणि दोन मंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. पण वाटायला काहीतरी शिल्लक राहिलं, ते पाठीला देश आल्यामुळे. याच किनाऱ्याजवळच्या ज्या इचाबो बेटाला तसा कोणी वाली नव्हता, तिथला ग्वानोचा कित्येक मीटर जाडीचा थर 1843 ते 1845 या दोन-तीन वर्षांत शेकडो जहाजांनी खडकापर्यंत खरवडून नेला होता.

आज या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करता येतं. 2010 मध्ये स्वाकोपमुंडच्या उत्तरेला युरेनियमच्या खाणीसाठी तसा मोठा प्रकल्प उभा राहिला. तेव्हा आता कुइसेबची गरज काय, असा नवा सूर आहे. पण तो प्रकल्पही आतल्या खाणीसाठीच आला, हे विसरून चालणार नाही. 2019 मध्ये 40 हेक्टर भराव घालून कंटेनर टर्मिनल सुरू झालं, ते तीसेक लाख वस्तीच्या नामिबियाच्या नुसत्या स्वतःच्या मालासाठी नव्हे. बोत्स्वाना, झांबिया, झिंबाब्वे या समुद्र नसलेल्या देशांनी वॉल्विस बेला आपापली कोरडी बंदरं घेतली आहेत. कालाहारी ओलांडून येणारे रस्ते म्हणजे बाइवेखचाच हजार-दोन हजार किलोमीटर लांबलेला अवतार. योंकर आफ्रिकानेरची वाट विंडहुकला संपत होती, आजची वाट झांबियाच्या तांब्याच्या खाणींपर्यंत जाते.

ज्यांच्या पाठीवर हे सगळं उभं राहिलं त्या टोपनारांचा हिशेब मात्र या जमाखर्चात बसलेला नाही. रूइबांकला दशकानुदशकं उपसलेल्या पाण्यानं कुइसेबची भूजलपातळी खाली नेली. गावाला पुराचा धोका नको म्हणून 1960 च्या दशकात नदीची एक शाखा बांध घालून वळवली गेली, आणि मुखाजवळच्या नाराच्या रानांना मिळणारं पाणी घटलं. टोपनार राहतात तो बराचसा पट्टा आता नामिब-नाऊक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानात आहे, त्यामुळे घर वाढवण्यापासून गुरं चारण्यापर्यंत सगळ्याला परवानगीची भाषा लागते. बंदराची मालकी 1994 मध्ये ठरली. कुइसेबच्या खोऱ्यातल्या जमिनीवर आणि पाण्यावर टोपनारांचा हक्क नेमका किती, ही गोष्ट तेव्हाच्या करारात नव्हती, आणि नवं टर्मिनल, वाढतं गाव, मिठागरं, फ्लेमिंगोंसाठी 1995 मध्ये रामसर यादीत घातलेली खाडी या सगळ्यांच्या वाटणीत ती अजून मागेच आहे.